शेगडीजवळची जागा

बांतुल, गुरुवार दुपार

प्रिय पांगिहदादा,

पत्र बघून हसशील. रोज तालमीला भेटणारी बाई पत्र कसली लिहिते, म्हणशील. पण तुझ्यासमोर मी तोंड उघडलं की तू मान डोलावतोस, चहातली साखर ढवळत बसतोस आणि दोन मिनिटांत माझंच बोलणं पुढच्या प्रवेशात कसं बसवता येईल ते मलाच समजावतोस. गेले तीन आठवडे हेच चाललंय. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

आधी गालिहचं सांगते, कारण तू एकदाही विचारलं नाहीस. माझ्या भावाला बू सुमिराने शेगडीवरून उठवलंय. अकरा वर्षं तो तिच्या बाटिकच्या शेडमध्ये मेणाच्या शेगडीजवळ बसायचा आणि लेखणीने कापडावर गरम मेणाचे ठिपके टाकायचा. एवढंच काम. पण त्याच्यासारखे ठिपके अख्ख्या गावात कुणाचे पडत नाहीत, हे बू सुमिराच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मेण किती तापलंय ते त्याला नुसत्या वासावरून कळतं. सकाळी शेगडी पेटली की तो एकदा म्हणणार, "ताई, ओढणी." मी तिथे असो वा नसो. मग बसणार, ते दुपारच्या अजानपर्यंत मान वर करणार नाही. अकरा वर्षांत कुणाच्या अंगावर एक थेंब उडाला नाही, दादा. आता तो कोपऱ्यात कापडाच्या घड्या घालतो. म्हणजे घालत नाहीच. कापड मांडीवर घेऊन शेगडीकडे बघत बसतो. लेखणी शर्टाच्या खिशात घालून घरी येतो. डब्यातला भात आणि तेंपे जसेच्या तसे परत. आणि दारात चप्पल काढतानाच विचारतो, "उद्या शेगडी?" मी म्हणते, बघू. "बघू" म्हणजे काय ते त्याला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नाही.

हे कशामुळे झालं, ते तुला ठाऊक आहे. बू सुमिरा आपलं नाटक बघायला आली होती. पहिल्या रांगेत मीच बसवलं होतं तिला, केवढ्या तोऱ्यात! चौथ्या प्रवेशात घंटा वाजते, भावाच्या भूमिकेतला बिमो कानांवर हात दाबतो, गरगर फिरतो, किंचाळतो आणि लाथ मारून शेगडी उलथवतो. आईच्या पायांवर उकळतं मेण. मग मी, त्याची सोशिक बहीण, त्याला कवटाळून म्हणते, "त्याला बोलू नका, दोष त्याचा नाही, त्याच्या आजाराचा आहे." आणि मांडवभर हुंदके. त्या हुंदक्यांसाठी आपण किती फुशारलो होतो, आठवतं? या नाटकाने लोकांचे डोळे उघडले, असं पेपरात आलं, तेव्हा तू तळलेली केळी वाटलीस. उघडले ना डोळे! बू सुमिराचेही उघडले. सोमवारी सकाळी गालिह आपल्या जागेवर बसायला गेला, तर तिथे दुसरीच मुलगी.

मी तणतणत गेले तिच्याकडे. म्हटलं, बू, अहो, नाटक होतं ते! तर म्हणते कशी, "नाटक तुमच्याच घरचं ना? बाहेर फलकावर काय लिहिलंय? स्वमग्न मुलाची सत्यकथा. आणि तू ढसाढसा रडत होतीस की गं. खोट्यासाठी कुणी एवढं रडतं?" वाईट नाही ती बाई. तिची सून त्याच शेगडीपाशी तान्ह्या पोराला घेऊन बसते. घाबरली. फलकावर लिहिलंय खरं. तूच लिहिलंस, आणि रंगवताना तुझ्या हातात ब्रश मी दिला.

आणि बिमो! गुणी नट आहे, माझा राग त्याच्यावर नाही. पण भूमिकेचा अभ्यास करायला तो दोन दिवस आमच्याकडे राहिला, त्याचं काय झालं? गालिह ठिपके टाकत बसला. जेवला. अंगणात सरळ रेषेत चकरा मारल्या. रेडिओवरचं हवामान म्हणून दाखवलं. झोपला. तिसऱ्या दिवशी बिमो रडकुंडीला येऊन तुला म्हणाला, "दादा, हा तर काहीच करत नाही, मी करू काय?" आणि तू म्हणालास, "थोडं वाढव." त्या वाढवण्याला लोकांनी ऑटिझम असं नाव दिलं, दादा. परवाच्या खेळानंतर एक बाई भेटली, कडेवर सहा वर्षांचा मुलगा. मला विचारत होती, "माझाही एक दिवस असं करणार का? आजपासून याला स्वयंपाकघरात येऊ देत नाही मी." इतके दिवस तो तिच्याजवळ पाटावर बसून शेंगा सोलायचा म्हणे. आणि मी गालांवरचा रंग पुसत राहिले.

तुला मी विनवलं, की चौथा प्रवेश बदल. तू म्हणालास, लोक त्या प्रवेशासाठीच येतात. शेवटच्या प्रवेशात बिमो एका बैठकीत अख्खं कापड रंगवतो आणि पहिल्यांदा "आई" म्हणतो, ते तरी काढ म्हटलं, तर तू चिडलास. "निदान चांगलं तरी दाखवतोय ना मी!" अरे, गालिह दोन वर्षांचा असताना आई म्हणाला होता. आणि एक कापड करायला त्याला पाच आठवडे लागतात, बाकीच्यांना लागतात तेवढेच. म्हणजे तुझ्या मांडवात आमच्यासारख्यांच्या पोरांनी एक तर शेगडी उलथवायची, नाही तर चमत्कार करायचा. नुसतं बसून काम करणाऱ्याला जागाच नाही. आणि ते "ताई, ओढणी"! तेही तू उचललंस. बिमो ते दर प्रवेशात बडबडतो, लोक खुदखुदून हसतात. काय गोड, काय निरर्थक! तेवढं मात्र काढ असं मी तुला एकदाही म्हटलं नाही. का, ते आता ऐक.

एवढा वेळ तुझ्यावर तोंडसुख घेतलं. पण ही गोष्ट तुला कुणी सांगितली? मीच. चार वर्षांपूर्वी, तालमीनंतर त्या आंब्याखाली. गालिह नऊ वर्षांचा असताना त्याने शेगडी लाथाडली आणि आईचे पाय भाजले, असं मी सांगत होते आणि तुझे डोळे भरून येत होते. तोवर तू मला दासीच्या भूमिका द्यायचास. त्या दिवसापासून मी बहीण झाले. दादा, गालिहने शेगडीला पायसुद्धा लावला नव्हता. तो भिंतीपाशी बसून चिंचोके मांडत होता. मी चौदा वर्षांची होते. आईने दहादा बजावलं होतं, तरी तिची हिरवी ओढणी अंगावर घेऊन मी शेगडीभोवती नाचाच्या गिरक्या घेत होते. तो म्हणाला, "ताई, ओढणी." मी हसले आणि आणखी एक गिरकी घेतली. टोक शेगडीत अडकलं, शेगडी आईच्या पायांवर उलटली. आई किंचाळली, शेजारी धावले, आणि कुणीतरी विचारलं, हे कुणी केलं? मी बोट दाखवलं. लगेच पटलं सगळ्यांना. त्याचं तोंड बघूनच पटलं. पुढे चौदा वर्षं, आई जाईपर्यंत, त्याला चुलीजवळ जाऊ दिलं नाही. दाराला आडवा बांबू असायचा. आई गेली तीही तोच समज घेऊन. आणि तो मात्र कुठेही शेगडी पेटली की खरं काय ते सांगत राहिला, पंचवीस वर्षं. आम्ही म्हणायचो, त्याची सवयच आहे ती.

परवा मी बू सुमिराला सगळं सांगितलं. तिचे हात धरून सांगितलं. ती रडली रे! माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "किती गं गुणाची तू. भावासाठी आळ स्वतःवर घेतेस. अगदी नाटकातल्यासारखी." म्हणजे आता खरं बोलायलाही तोंड ठेवलं नाही आपण मला. नाटकातली बहीण माझ्याआधी तिच्या घरात जाऊन बसली आहे. तिला तिथून उठवायचं तर रंगमंचाच्या फळ्यांवरूनच उठवायला हवं. म्हणून हे पत्र. परवानगी मागायला नव्हे, आधी कळवायला. शनिवारचा खेळ बू सुमिराच्याच गावात आहे. सगळी शेड येणार आहे, आणि गालिहला मी पहिल्या रांगेत तिच्या शेजारी बसवणार आहे. आपल्या केतोप्राक नाटकात कागदावर संवाद नसतात. खेळाआधी तू नुसती गोष्ट सांगतोस, शब्द ज्याचे त्याने आणायचे. आणि नव्या पोरांना पहिल्या दिवशी काय दटावतोस? फळ्यांवर एकदा बोललेलं परत घ्यायचं नाही, समोरच्याने ते झेलायचं, मोडायचं नाही. तर ऐक. चौथ्या प्रवेशात मी आईची ती जळक्या टोकाची ओढणी अंगावर घेऊन येणार आणि गिरकी घेणार. शेगडी मी पाडणार. कुणी केलं असं विचारलं, की आधी त्याच्याकडे बोट दाखवणार, मग तेच बोट वळवून स्वतःकडे, आणि माझं खरं नाव घेणार. कुणाला कवटाळणार नाही, आजाराचं वाक्य म्हणणार नाही. घंटा वाजवू नकोस. बिमोला सांग, किंचाळायचं नाही, फिरायचं नाही, भिंतीपाशी बसून चिंचोके मांडत राहायचं. त्याला जड जाईल, पण कर म्हणावं. माझ्या गिरकीआधी फक्त एकदा "ताई, ओढणी" म्हणायचं, आणि मोठ्याने म्हणू दे. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवं.

तुझीच,
मुर्यानी