आईचा एकच फोटो

निपाणी,
ता. २ नोव्हेंबर १९८५

चि. मष्णूस थोरला भाऊ आण्णाप्पा याचे अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, राग मानू नको. तुझी दोन्ही पत्रं उशाखाली आहेत. गुडघे धरलेत, झोप नाही. आईच्या वर्षश्राद्धाला भिंतीवर फोटो हवा म्हणतोस, ते बरोबर आहे. पण रंगीत रोल इथं धुऊन मिळत नाही, कोल्हापूरला दिलाय. तिथली माणसं आज या, उद्या या म्हणतात. जावयानं मस्कतहून आणलेल्या कॅमेऱ्यात काही खोट नाही. वरून चांदीसारखा, बाकी काळं कातडं, जुन्या धाटणीचा. बटण दाबलं की झालं. तू काळजी करू नको. गुणाबाईच्या खोकल्याचं कळव. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
आण्णाप्पा

सांबरा,
ता. ११ नोव्हेंबर १९८५

ती. आण्णास मष्णूचा नमस्कार. साष्टांग लिहायला हात होत नाही.

परवा आमचा पोरगा भरमू कोल्हापूरला त्या स्टुडिओत जाऊन आला. फोटो शिमग्यालाच नेलेत म्हणाले. आठ महिने खोटं बोलतोस?

आई गेली त्या दिवशी मी बेळगावहून फोटोवाला आणला होता. तिला खुर्चीत बसवून, हार घालून फोटो काढायचा होता. तू त्याला दारातूनच हाकललास. मेलेल्या तोंडाचा फोटो कशाला, महिन्याखाली मी जिवंत आईचा काढलाय, हसरा, असं साऱ्या गल्लीसमोर म्हणालास. लई मोठेपणा मिरवलास. आता तो एकट्याच्या घरात लावून बसलास काय? गुणाबाई म्हणते, भावजींनी सासूला जितेपणी सांभाळलं न्हाय, मेल्यावर कुलपात घातलं.

फोटो नसेल तर श्राद्धाला येऊ नको. उंबऱ्यातून परत पाठवीन, त्या फोटोवाल्यासारखा. लोभाचं त्यानंतर बघू.

मष्णू

निपाणी,
ता. १६ नोव्हेंबर १९८५

चि. मष्णूस आशीर्वाद.

खोटं बोललो. फोटो सोबत आहे. आधी खाली बस, मग बघ.

आई गळ्यापासून खाली आलीय. मी फार जवळ गेलो, बटण जोरात दाबलं, कॅमेऱ्याचं तोंड खाली गेलं. स्टुडिओवाला हसून म्हणाला, आजोबा, माणूस सोडून लुगड्याचा फोटो काढलात. मी तिथंच पायरीवर बसलो. तीन काढले होते, तिन्ही तसेच. त्या फोटोवाल्याला हाकललं नसतं तर, हे मी रोज म्हणतो. तू लिहायची गरज नव्हती.

पण मग मीही लिहितो. बारा वर्षं आई तुझ्याकडं होती. सांबऱ्याहून बेळगाव किती लांब रं? एकदा स्टुडिओत नेली असतीस. आणि गुणाबाईला सांग, कुलपात घालण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतंच.

इथं शामू पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवतो, गेलेल्या माणसांची चित्रंही काढतो. त्याला आईचं कपाळ, नाक सगळं तोंडी सांगितलं. तीनदा काढलं, तिन्ही वेळा कुणी दुसरीच बाई आली. शेवटी वैतागून म्हणाला, घरात त्यांच्या तोंडवळ्याचं कोणी असेल तर आणून समोर बसवा. मी तर बापावर गेलोय. आईचा तोंडवळा साऱ्या घरात तुलाच आलाय. ते डोळे, ती हनुवटी, रागावली की चढणारी डावी भुवईसुद्धा.

श्राद्धाला तेरा दिवस राहिलेत. शामूला चार लागतात. माझ्याशी बोलू नको, माझ्या घरचं पाणी पिऊ नको. एसटीतून उतरून सरळ त्याच्या दुकानात जा, मी तिकडं फिरकणार नाही. फक्त मिशी काढून ये, आई गेली तेव्हा काढली होतीस तशी.

कधी येतोस, तेवढं उलट टपाली कळव.

आण्णाप्पा