‘आलंच’ म्हणणारा माणूस

प्रिय पोस्टमनसाहेब,

तुला साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण आडवा झालो तर उठवायला दोन माणसं लागतील. उभ्यानेच घातला असं समज. वहिनींचा खोकला थांबला का? लेकीच्या घरी तुझी बडदास्त नीट राहते ना?

आधी खर्च सांगतो. डाव्या अंगठ्याचं नख, चष्म्याची एक दांडी आणि शिंप्याशी असलेली एकोणीस वर्षांची मैत्री (ती उतरताना परत सापडली). एवढ्यात शिखर स्वस्त पडलं म्हणायचं. हो, तेच शिखर, ज्याच्या अर्ध्या वाटेवरून तिशीत आपण तुझी चप्पल तुटली म्हणून परतलो होतो. सोबत माथ्यावरचा फोटो जोडलाय. त्यात मी दिसत नाही. काढणारा फोटोत कसा दिसेल?

‘आता माझ्याच्याने होत नाही, तू जाऊन ये’ असं लिहून तू पाकिटातून दगड पाठवलास, माथ्यावर ठेवायला. वाचून मला राग आला आणि रागाच्या भरात मी शिंप्याला बरोबर घेतलं. तिथेच चुकलं. माणूस सोन्यासारखा, पण खरं बोलतो. नजरेने माप घ्यायची सवय ना. पहिल्याच चढाला विचारलं, किती राहिलं, तर म्हणाला, दोन तास दहा मिनिटं. अर्ध्या तासाने विचारलं, तर दोन तास पाच मिनिटं. कारण म्हणे मी बसतो फार. अरे, पायांनाही कान असतात. (माझं शिक्षण सातवी, पण पाण्याच्या पंपाच्या मोटारीचं बेअरिंग गेलेलं मला रस्त्यावरून ऐकू येतं. माझे गुडघे काय म्हणत होते ते मला कळत नव्हतं थोडंच?)

तू प्रत्येक वळणावर ‘आलंच’ म्हणायचास. माझ्या दुकानात तीन महिने गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा दारात सायकल टेकवून ‘आलंच’. बायकोच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर, डॉक्टरांचा पत्ता नव्हता तरी ‘आलेच’. गावभर खरीखुरी पत्रं वाटणारा माणूस, माझ्याशी मात्र धडधडीत खोटं. त्या खोट्यावर मी आयुष्यभर चाललो, हे मला त्या चढावर कळलं.

शेवटी मी शिंप्याला हात जोडले. म्हटलं, बाबा रे, एकदा नुसतं ‘आलंच’ म्हण. त्याने वर पाहिलं, मान तिरकी केली.

“चाळीस पावलं,” तो म्हणाला. “तुमची पंचेचाळीस.”

परवा तू जिना चढून फोन घेतलास, तेव्हा तुझा श्वास ऐकला मी. तुझी मोटार जळलेली नाही. बंद ठेवून जाम झालीय, एवढंच. चालवली की सुटते.

तुझाच,
मोटारवाला

ता. क. : थंडी पडली की ये. चप्पल नको, बूट घाल. या खेपेला खोटं बोलायचं काम माझ्याकडे.

आणखी एक ता. क. : फोटो शिंप्याने काढलाय. मी पंचेचाळीस पावलं खाली बसलो होतो. तुझा दगड माझ्या खिशातच आहे.