पितृपक्षातला टू-इन-वन

सोमवार, ८ सप्टेंबर. सकाळी ६.५०

आजपासून खरेदी मोहीम सुरू. मुदत सात दिवस. फार तर आठ.

पार्श्वभूमी, नोंद असावी म्हणून: प्राचीचा लॅपटॉप ऐन गणपतीत गेला. ठाण्यातल्या एका लहान मुलांच्या पुस्तकवाल्यांनी तिला टेस्टला घेतलंय. एका शेळीची गोष्ट आहे, तिची सहा चित्रं. स्क्रीनवर पेनने काढायची आणि २४ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत त्यांच्या वेबसाइटवर टाकायची. निवड झाली तर घरी बसून पगारी काम. दोन वर्षं सोसायटीतल्या मुलांचे चित्रकलेचे क्लास घेत ती याचीच वाट बघत होती, असं हेमांगी म्हणते. बायकांना प्रत्येक गोष्ट अशी भरून येऊन सांगायची सवय असते.

काल प्राची क्लासचे साठवलेले पैसे घेऊन दुकानात निघाली होती. नवाकोरा घ्यायला! मी दारातच अडवलं. पैसे माझ्याकडे घेतले. म्हटलं, बाळा, हे बाबाचं क्षेत्र आहे. नौपाड्याच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं प्लास्टिक मी स्वतः काढलं होतं.

बुधवार, १० सप्टेंबर. रात्री ८.१५

ऑफिस सुटल्यावर तसाच कल्याणला गेलो. स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर मितेशचं दुकान. जुने लॅपटॉप साफसूफ करून विकतो. एका बंद झालेल्या ऑफिसचा चाळीस पीसचा लॉट आलाय. सगळे टू-इन-वन. म्हणजे स्क्रीन पूर्ण मागे उलटते आणि लॅपटॉपची पाटी होते. वर पेनने लिहा, चित्रं काढा.

किंमत निम्म्याहून कमी. कारणही मी शोधून काढलंय. १४ ऑक्टोबरला विंडोज टेनचे अपडेट बंद होणार आणि या जुन्या पिसांवर इलेव्हन चढत नाही. लोक घाबरून विकतायत. मी घाबरत नाही.

मितेशने विचारलं, काका, यूज काय? मी म्हटलं, डेली यूज. तो म्हणाला, ड्रॉइंगसाठी असेल तर बाकी सगळं सोडा, फक्त पेन चालवून बघा. दुकानदार माणूस, त्याला एकच गोष्ट दिसते. मी एकूण बावीस मुद्दे काढले आहेत.

गुरुवार, ११ सप्टेंबर

घरात विरोध. हेमांगी म्हणाली, अहो, पितृपक्षात कोणी खरेदी करतं का?

मी शांतपणे समजावलं. पितृपक्षात नवी वस्तू घेत नाहीत. ही वस्तू जुनी आहे. त्यामुळे नियम लागूच होत नाही. उलट पितृपक्षात गिऱ्हाईक नाही, म्हणून भाव उतरतो. रोज थोडा उतरणार. सर्वपित्री अमावास्येला सगळ्यात खाली. दुसऱ्या दिवशी घट बसले की गर्दी. म्हणजे खरेदीचा योग्य दिवस २१. इतका सरळ हिशेब आजवर कोणाच्या डोक्यात कसा आला नाही, याचं आश्चर्य वाटतं.

हेमांगी म्हणाली, दुसऱ्याची वापरलेली वस्तू, तीही या दिवसांत, हे तर त्याहून वाईट. तिच्याकडे याचं काही कारण नव्हतं.

प्राची म्हणाली, बाबा, २४ ला द्यायचंय. मला एका चित्राला दोन दिवस लागतात. मी म्हटलं, तोवर कागदावर काढून ठेव, मग नुसतं उतरवायचं. ती वही घेऊन उठून गेली. पटलं असावं.

शनिवार, १३ सप्टेंबर. दुपारी

प्राचीला घेऊन कल्याणला. सोबत सामान तोलायचा हुकवाला काटा, भिंग आणि टॉर्च. काट्याला लॅपटॉप टांगल्यावर मितेश उठून उभा राहिला. म्हणाला, काका, वजन स्टिकरवर लिहिलंय. मी म्हटलं, लिहिलेलं असतंच.

मी तिसऱ्या पिसाच्या बिजागरीवर असताना प्राचीने कोपऱ्यातला एक राखाडी पीस उघडला आणि दहा मिनिटांत शेळी काढली. चष्मा लावलेली शेळी. मितेश बघत राहिला. प्राची म्हणाली, बाबा, हाच घेऊया. खूप दिवसांनी तिला असं हसताना बघितलं. क्षणभर माझाही हात खिशाकडे गेला.

पण सावरलो. म्हटलं, ही भावना झाली. अजून सदतीस पीस बघायचेत. शिवाय अमावास्येला आठ दिवस आहेत. तिने शेळी पुसली आणि झाकण लावलं.

परतताना तिने डोळे मिटून घेतले. दमली असेल.

सोमवार, १५ सप्टेंबर. ऑफिस, लंच टाइम

एक्सेल शीट पूर्ण. अकरा मॉडेल, बावीस रकाने. वजन, बॅटरी, ओरखडे, झाकणाचा रंग, चार्जरच्या वायरची लांबी. प्रत्येकाला गुण. राखाडी पीस सातवा आला! वायर आखूड. बघा, शनिवारी घेऊन टाकला असता तर?

सुशांतला शीट दाखवली. तो शेजारच्या टेबलावर बसतो, वय तीस, सगळं हप्त्यावर घेतो. म्हणाला, त्र्यंबकजी, पेन चालतं का हा रकाना कुठाय? मी म्हटलं, तो 'इतर' मध्ये आहे.

बुधवार, १७ सप्टेंबर. संध्याकाळी ७.३०

मितेशला सहज फोन केला. राखाडी पीस काल गेला. सातव्या नंबरचाच होता, त्यामुळे फरक पडत नाही. प्राचीला आत्ताच सांगण्यात अर्थ नाही.

जेवताना ती म्हणाली, ठाकुर्लीची मैत्रीण वैशाली तिचा लॅपटॉप आठवडाभर द्यायला तयार आहे, तिला ऑफिसला सुट्टी आहे. पेनवाला आहे. आज हो म्हणायचंय, नाहीतर ती तिच्या भावाला देणार.

मला जरा लागलं. घरात बाप असताना लोकांकडून मागून आणायचं? म्हटलं, काही गरज नाही. मी राखाडीचं टोकन देऊन ठेवलंय.

हे तोंडातून कसं गेलं कळलं नाही. पण मनात टोकन दिलेलंच होतं, एवढंच की मितेशपर्यंत पोचलं नव्हतं. प्राचीचा चेहरा एकदम उजळला. तिथेच वैशालीला फोन लावून नको म्हणाली.

उद्या लवकर उठून यावर विचार करायचा.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

काल उठलो, पण विचार झाला नाही. आज अर्धा दिवस टाकून कल्याणला गेलो. चाळीसपैकी आता नऊ उरलेत. म्हणजे अमावास्येच्या आधीच लोक घेतायत. नियमांबद्दल कोणाला काही पडलेलं नाही.

पेन चालणारे दोनच. एकाची बॅटरी फुगलेली. दुसरा राखाडीच, पण प्राचीने बघितला तो नव्हे. मितेश म्हणाला, काका, आधीच सांगून देतो, मागून बोलू नका. बिजागरी ढिली आहे, स्क्रीन जास्त फिरवायची नाही. आणि उजवीकडे दोन बोटांची पट्टी आहे, तिथे पेन लागत नाही. बोलाल तर आज देतो, नाहीतर राहू द्या.

किती सरळ माणूस! असे लोक राहिले नाहीत. मी म्हटलं, रविवारी नेतो, अजून काय कमी करता येईल बघ. त्याने कपाळाला हात लावला. त्याला परवडत नसणार.

रविवार, २१ सप्टेंबर. सर्वपित्री अमावास्या

खरेदी झाली! शीटप्रमाणे, मुहूर्ताप्रमाणे. शुक्रवारच्या भावापेक्षा खाली आला नाही, पण माऊस फुकट मिळाला.

घरी आलो तर हेमांगी दारात. म्हणाली, आज पितरांना वाडी ठेवलीय, ही वस्तू आज उंबऱ्याच्या आत येणार नाही. उद्या घट बसल्यावर. मी वाद घातला, पण तिने माझंच वाक्य मला ऐकवलं, की खरेदीच्या बाबतीत शास्त्र बघावं.

शेवटी लॅपटॉप बाहेर, चपलांच्या स्टँडवर. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर दाराखालून. प्राची जिन्यात पाट टाकून बसली आणि तिथेच चित्र सुरू केलं. येणारे-जाणारे ओलांडून जात होते. जिन्यात हवा चांगली येते.

तासाभराने तिने विचारलं, बाबा, हा तोच आहे का? इथे पेन उठत नाही. मी म्हटलं, त्याच लॉटमधला. हे खोटं नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर. सकाळी ७

काल सकाळी हेमांगीने झाकणाला कुंकू लावून लॅपटॉप आत घेतला. प्राची तेव्हापासून उठलेली नाही. पेन न लागणाऱ्या पट्टीत काही आलं की ती अख्खं चित्र डावीकडे सरकवते, तेवढं काढते, परत उजवीकडे नेते. तीन चित्रं झाली. चौथं चालू.

मी मागे उभा राहून बघतो. शेळी बाजारात चष्मा घ्यायला जाते आणि प्रत्येक दुकानात तिला वेगळंच काहीतरी विकतात. सुंदर काढलंय. आमच्या घराण्यात कोणाला असा हात नव्हता. हे तिला सांगायला हवं. टेस्ट झाल्यावर सांगीन, आत्ता लक्ष विचलित होईल.

ती म्हणाली, बाबा, मागे उभा राहू नकोस ना. जरा बाजूला उभा राहिलो.

बुधवार, २४ सप्टेंबर. सकाळी ११.३०

देखरेखीसाठी रजा काढली आहे. पाच चित्रं तयार! सहावं निम्म्यावर. शेळी घरी परतते ते. प्राची म्हणते, अडीच तास पुरेत. म्हणजे दोनपर्यंत काम फत्ते. सुशांतला मेसेज टाकला: जुन्या लॅपटॉपवर झालं बरं का.

दुपारी १.४०

हेमांगीने प्राचीला बळेच जेवायला उठवलं. सकाळपासून चहावर होती.

तेवढ्यात शेजारच्या उत्तरावहिनी भोंडल्याचं सांगायला आल्या. म्हणाल्या, त्र्यंबकराव, हाच का जिन्यातला लॅपटॉप? त्यांचा स्वर मला आवडला नाही. म्हटलं, वहिनी, हा नुसता लॅपटॉप नाही. आणि फिरवून दाखवला. आधी तंबूसारखा उभा. मग पूर्ण मागे. पाटी.

कट् असा आवाज झाला.

दुपारी २.२०

दिवा लागतोय. पंखा फिरतोय. स्क्रीन काळी. काळजीचं कारण नाही. गरम झाला असावा.

दुपारी २.५५

बंद करून गार होऊ दिला. परत चालू केला. काळी. बिजागरी हाताने दाबून धरली, काळी. उत्तरावहिनी अजून उभ्या होत्या, आता गेल्या. हेमांगी कॉटवर बसून माझ्याकडे बघतेय. प्राची हात न धुता उभी होती. मी म्हटलं, अजून दहा मिनिटं दे. तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि चपला घातल्या. मीही निघालो.

सायंकाळी ७

लिहायला बसलोय. कुठून सुरुवात करावी कळत नाही.

रिक्षाने कल्याण. पत्रीपुलावर वीस मिनिटं अडकलो. प्राचीने लॅपटॉप मांडीवर घट्ट धरला होता. मी म्हटलं, पोचतोय आपण. ती रस्त्याकडे बघत होती.

मितेशने ओळखलं. आतली वायर तुटली होती. त्याने बाहेरचा मोठा स्क्रीन लावला आणि चित्रं दिसली! पाच पूर्ण, एक अर्धं. तेव्हा ४.२५. मी टाळी वाजवली. पण त्या स्क्रीनवर पेन चालत नाही. माऊसने काढावं लागणार. फुकट मिळालेला माऊस घरी राहिला होता. मितेशने त्याचा दिला.

प्राची उभ्या उभ्याच काढू लागली. मितेशने गिऱ्हाइकांना बाहेर थांबायला सांगितलं. काढता काढता ती त्याला म्हणाली, बाबाने टोकन दिलं तेव्हाच तुम्ही सांगायला हवं होतं ना, की पीस असा आहे.

मितेश म्हणाला, कुठलं टोकन? ताई, तुम्हाला आवडलेला तो पीस तर केव्हाच गेला. टोकन कोणी दिलंच नाही.

प्राचीने माझ्याकडे बघितलं नाही. नुसता माऊस थांबला. मग परत सुरू झाला.

सहा चित्रं असल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. ४.५७ ला शेळीचे मागचे पाय बाकी होते. तसंच टाकलं. चाक फिरत राहिलं. पाच वाजता फॉर्म बंद झाला.

मितेशने न मागता सगळे पैसे परत केले. ते प्राचीने घेतले.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

वस्तुस्थिती: पत्रीपुलावर अडकलो नसतो तर वेळेत झालं असतं. जेवायला उठवलं नसतं तरी झालं असतं. उत्तरावहिनी फोनवरही सांगू शकल्या असत्या. लॅपटॉप जिन्यात ठेवल्यामुळे धूळ गेली असेल, ही शक्यताही आहे.

प्राचीला न सांगता त्या पुस्तकवाल्यांना फोन केला. म्हटलं, मी वडील बोलतोय, चूक तांत्रिक होती. बाई फार नम्र होत्या. म्हणाल्या, प्राचीने पाच चित्रं मेल केली होती, आम्हाला खूप आवडली, पण सहा देणारे चौघे आहेत. पुढची टेस्ट जानेवारीत, तिला नक्की सांगा. मग म्हणाल्या, काका, पुढच्या वेळी तिलाच फोन करू द्या.

हेमांगीला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही तिच्याशी खोटं बोललात. मी शीट उघडून सगळं समजावणार होतो. पण ती उठून गेली.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा

प्राची सकाळी एकटी बाहेर पडली आणि तासाभरात परत आली. दुकानात वीस मिनिटं लागली म्हणे. नवा साधा लॅपटॉप, उलटत नाही. पेनची पाटी वेगळी. उरलेल्या पैशांचे हप्ते तिच्या क्लासमधून जाणार.

मी विचारलं, वजन किती? म्हणाली, माहीत नाही. वायर? बघितली नाही. मग बघितलंस काय? म्हणाली, पेन चालवून बघितलं.

झेंडूचं तोरण लावून झाल्यावर लॅपटॉपची पूजा केली. हेमांगीने मला बोलावलं नाही, मीच जाऊन उभा राहिलो. प्राचीने मला आपट्याचं पान दिलं आणि वाकून नमस्कार केला. मला वाटलं, संपलं सगळं. म्हटलं, जानेवारीच्या टेस्टसाठी आत्तापासून प्लॅन करू. मी रजा टाकून ठेवतो. नवीन शीट करतो, रोजचं किती काम व्हायला हवं ते.

ती म्हणाली, बाबा, एक करशील? जानेवारीत काही करू नकोस. रागाने नाही म्हणाली. लहान मुलाला समजावतात तसं म्हणाली.

मी बरं म्हटलं.