केसपेपर परत पाठव

देवळाली कॅम्प, ता. ४-२-८५
चि. सहादूस, यशोदाआक्काचा जयभीम.
तुझी कंबर कशी आहे? सुलाचा खोकला थांबला का? भिकनला दात आले? दारची गाय बरी ना? सगळ्यांचं विचारून झालं, आता माझं ऐक. रविवारी तू भाकर खाऊन गेलास आणि फळीवरचा माझा केसपेपर गायब झाला. डोळ्याजवळची गाठ दोनदा कापली, दोनदा उगवली. आता नाशिकचे डॉक्टर ती गोठवून मारताहेत. दुसरी पाळी एकवीस तारखेला, गुरुवारी. कुठे, किती वेळ गोठवली ते त्या कागदावरच आहे, त्याशिवाय ते हात लावणार नाहीत. गाठ आत सरकली तर डोळा जाईल. चोरा, कागद पाठव.
तुझी आक्का

सायखेडा, ता. ८-२-८५
ती. आक्कास, सहादूचा जयभीम.
होय, मीच नेला. तुझी गाठ ज्याने गोठवतात तो थंडगार नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यात सात वर्षं मीच ओततोय. त्यात वळूचं बीज वर्षानुवर्षं जिवंत राहतं. तुझा डॉक्टर गाठ मारत नाही, जपून ठेवतोय! फोड आला, काळं पडलं, तरी तुला उमजेना. घरी बसून वाचायला शिकलीस म्हणून फार शहाणी झालीस काय? कागद मिळणार नाही. लोभ ठेव, नाहीतर नको ठेवू.
सहादू

देवळाली कॅम्प, ता. १३-२-८५
चि. सहादूस,
आज कुणाची खुशाली विचारत नाही. घरी बसून शिकले तेच बरं, नाहीतर तुझं खरं वाटलं असतं. काल तुझी अक्कल डॉक्टरांना सांगितली. ते हसले नाहीत, तेवढीच तुझी अब्रू राहिली. म्हणाले, बीज टिकावं म्हणून त्यात आधी औषध मिसळतात. माझ्या गाठीत कुणी मिसळलंय? गाठ ते झटकन गोठवतात, सावकाश वितळू देतात, पुन्हा गोठवतात.
तेव्हा मला तुझाच पराक्रम आठवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तू बिजाच्या नळ्या बाहेर विसरलास. वितळल्या, तर गुपचूप परत कंटेनरात टाकल्यास. त्यावर बारा गायी भरवल्या, एक गाभण राहील तर शपथ! साहेबांनी आठवडाभर तुझी सालटी काढली. अरे दगडा, तू त्या बिजाचं जे केलंस तेच डॉक्टर माझ्या गाठीचं करताहेत. फक्त ते मुद्दाम करतात.
तुझं थोबाड मला दोन डोळ्यांनी बघवत नाही, एकाने कसं बघू? उलट टपाली कागद पाठव.
आक्का

सायखेडा, ता. १६-२-८५
ती. आक्कास जयभीम.
कागद टपालावर सोडवत नाही. गुरुवारी रजा टाकलीय. पहिल्या गाडीने घेऊन येतो, तू थेट डॉक्टरांच्या दारात थांब. आणि गायी बारा नव्हत्या, अकरा होत्या. गावभर बोंबलू नकोस.
फोड अजून दुखतो का, सुला विचारतेय. लगेच लिही.
सहादू