भाऊजींच्या बोरचं पाणी

लिंगराज भाऊजी, शरणार्थ.

माझी नात ईश्वरी कालेजात रसायन शिकवती अन् पाण्यातलं विष दाखवणारं औषध करती. त्यातच तिचे केस पिकायला आले. लगीन केलं न्हाई म्हणून तुमी लय टोमणे मारले.

परवा तिनं तुमच्या बोरच्या पाण्यात ते औषध टाकलं, निळी बॅटरी मारली, अन् पाणी काजव्यावानी हिरवंगार! मी टाळ्या वाजवल्या. तुमी मिशीला पीळ दिला, “बघा, माझं पाणी कसं चमकायलंय!” मग पोर म्हणली, “आबा, चमकलं म्हंजी फ्लोराईड हाय. दात, हाडं खातंय.”

आता तुमी ताडकळसच्या बाजारात सांगत फिरायलात, पोरीनं माझ्या पाण्याला नाव ठेवलं, माफी मागावी, न्हाईतर धाकट्या नातवाच्या बारशाला येऊ नये. का मागावी? तुमचा थोरला नातू बसवेश्वर पिवळ्या दातांपायी तोंड झाकून हसतोय, ते दिसत न्हाई?

आमी दोघीबी येणार. पाळणा मीच म्हणणार. पाणी इचारलं की चारचौघांत घरचा तांब्या काढणार.

हे पत्र टाकत न्हाई. अक्षर वाकडं हाय माझं, जीभ सरळ हाय. येऊन तोंडावरच सांगते.

तुमची वैनी,
ईश्वरीची आजी भागम्मा