माझा धडा, तिचा वर्ग

चि. धाकटीस,

तू आता मोठी डॉक्टरीणबाई झालीस तरी मी चि.च लिहिणार, त्याला इलाज नाही. अनेक आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? दिवसभर लोकांच्या छात्या तपासतेस, स्वतःच्या छातीला नळी लावायला मात्र सवड नाही. इकडे सर्व क्षेम. पोटात तेवढं दुखतंय, पण त्यावर तुझ्याकडे औषध नसणार. तो मत्सर आहे.

मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी आलेली जीवशास्त्राची बाई माझीच विद्यार्थिनी. (मुलं तिला 'ताई' म्हणतात. मला एकतीस वर्षांत कुणी 'ताई' म्हणायला धजलं नाही.) तिने मला वर्गावर बोलावलं. धडा कुठला, तर पेशी विभागण्याआधी आपल्या डीएनएची प्रत कशी काढते. म्हणजे माझा धडा! मी कडक इस्त्रीचे कपडे घालून, पर्समध्ये लाल पेन टाकून अर्धा तास आधी शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

मी हा धडा लोकरीच्या दोन धाग्यांवर शिकवायचे. हिने मुलांनाच उभं केलं. छातीवर डीएनएच्या चार अक्षरांची कार्डं, समोरासमोर दोन रांगा, हातात हात. 'ए'ने 'टी'चाच हात धरायचा, 'जी'ने 'सी'चाच. मग हात सोडवून रांगा एकमेकींपासून लांब नेल्या आणि प्रत्येक जुन्या रांगेसमोर नव्या मुलांची रांग उभी केली. एका जोडीच्या दोन जोड्या, दोन्हींत अर्धं जुनं, अर्धं नवं. मुलं नुसती उधळली होती. माझ्या तासाला मागच्या बाकावरचे जांभया द्यायचे. (आता बसून पाहिलं, ते बाक फार आरामशीर आहे, हेही कारण असेल.)

एवढ्यात मला दिसलं, एका 'जी'ने 'टी'चा हात धरलाय! मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! "चूक!" म्हणत मी उठले, रांगेत घुसले आणि त्या 'टी'ला दंडाला धरून बाजूला काढलं. मग एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली, "आजी, ती आम्ही शोधायची होती ना!"

चूक ताईने मुद्दाम ठेवली होती. प्रत काढता काढता पेशी चुका कशा तपासते, चुकीचं अक्षर काढून बरोबर कसं बसवते, तेच मुलांनी करून बघायचं होतं. "असं तपासणारं कुणीतरी प्रत्येक पेशीत असतं, म्हणून आपण धड आहोत," असं म्हणून तिने मला टाळ्या मिळवून दिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येताना आपल्या कॉन्व्हेंटच्या मदर आठवल्या. वही तपासताना चूक दिसली तरी बोलायच्या नाहीत. आपला हात आपण होऊन थबकेपर्यंत मागे उभ्या राहायच्या. ताईला हे कुणी शिकवलं कोण जाणे. मी तरी नाही. मी कधी थांबलेच नाही गं.

तुझी,
मोठी

ता. क. पुढच्या महिन्यापासून ताई बाळंतपणाच्या रजेवर जातेय. सहा महिने वर्ग घ्याल का, असं तिने मला विचारलं. मुख्याध्यापिकाबाईंना डॉक्टरांचा दाखला हवाय की माझे गुडघे दिवसभर उभं राहू शकतात. तेवढा पाठव. गुडघे बघायची गरज नाही, लहानपणापासून तुझ्या ओळखीचे आहेत. आमच्या सूनबाईला कळवू नकोस.

ता. क. २. तिने विचारलं असं वर लिहिलंय खरं, पण विचारलं मीच. दोनदा. दुसरी एक जण जवळजवळ ठरलीय म्हणे. तीही माझीच विद्यार्थिनी, आणि तिचे गुडघे छान आहेत. दाखला लगेच पाठव.