प्रेसवरचा हार

नायगाव,
९ ऑक्टोबर २०२५

ती. आशाताईस, दिनानाथचा शि. सा. न. वि. वि.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आटोपून मी पापडीला सेबेस्टियनच्या घरी गेलो. तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळे लिहितो.

आमच्या कारखान्यात जो ज्या यंत्रावर, तोच दसऱ्याला त्याला हार घालतो. पत्रा दाबायच्या प्रेसला इतकी वर्षे सेबेस्टियन घालायचा, आधी क्रुसाची खूण करून. यंदा तुझ्या ज्ञानदाने घातला. मला वाटले, हाताखालच्या पोरीचे कौतुक म्हणून त्यानेच तिला हा मान दिला. त्याच्या घरी कळले, खरे म्हणजे शेठनी त्याला कामावरून काढले होते. ज्ञानदाला ज्या सरकारी योजनेत घेतले, तीत बेरोजगाराला घेतले की काही महिने अर्धा पगार सरकार भरते. अट एवढीच, त्यासाठी जुन्या माणसाला काढायचे नाही.

सेबेस्टियन म्हणाला, पोरीला यातले सांगू नको, तिचा हात आता कुठे बसतोय.

तपासणीला अधिकारी येणार आहेत. मी सुपरवायझर, मलाच विचारतील. काय करू?

तुझी माया आहे तशी राहू दे.

दिनानाथ

कणकवली,
१६ ऑक्टोबर

चि. दिनानाथ यास अनेक आशीर्वाद.

काय करू विचारतोस, म्हणजे तुझे ठरलेलेच असणार. गळ्यात माळ घातलीस म्हणून जगाचा न्याय तुझ्याकडे आला का? सेबेस्टियनभाऊंचा मुलगा डेरिक कमावता आहे. नवरा गेल्यापासून माझ्या ज्ञानदाला आईशिवाय कोण आहे? इथे दाराआड बसून असायची. गेल्या महिन्यात तिने साडी पाठवली, ती नेसून मी वाडीभर फिरून आले.

तू नुसता गप्प राहा. गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

खोकल्याला काढा घे. आठवण ठेव.

आशा

नायगाव,
३० ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

ज्ञानदाचे काम सुटले, ती उद्याच्या गाडीने तुझ्याकडे येते आहे. तिला काही विचारू नकोस. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी तिला सगळे सांगितले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग एवढेच म्हणाली, की सेबेस्टियनकाका दिसेनासे झाले तेव्हा तिनेच विचारायला हवे होते.

सेबेस्टियनला परत घेतील असे नाही. माझ्या नोकरीचेही काही सांगता येत नाही. देवापुढे बसतो, पण मन लागत नाही. तुझे म्हणणे चुकीचे होते असेही मला वाटत नाही.

अधिकाऱ्यांनी विचारले, ज्ञानदाआधी या प्रेसवर कोण होते. शेठ माझ्याकडे पाहत होते, ज्ञानदा खाली. मी सेबेस्टियनचे नाव सांगितले.

रागाव, पण पत्र टाकत जा.

तुझा,
दिनानाथ